बागेचा हौद आणि पाण्याची वाट

बागेत एखादा हौद बांधावा, त्यात चार कमळे लावावी, थोडे मासे सोडावे आणि संध्याकाळी काठावर वारा घेत बसावे, ही हौस पुष्कळांना असते. हौद बांधून होतो, पाणी भरले जाते आणि पहिला पंधरवडा मोठ्या आनंदात जातो. मग एके दिवशी पाण्यावर हिरवट झाक दिसू लागते. तळाशी बुळबुळीत थर साचतो, वास येऊ लागतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन श्वासासाठी तोंडे उघडू लागतात. यावर आजचा उपाय म्हणजे विजेचा पंप. हा पंप हौदातलेच पाणी ओढतो, वाळूच्या गाळणीतून नेतो आणि कारंज्याच्या तोंडातून पुन्हा त्याच हौदात सोडतो. वीज आहे तोवर पाणी नितळ राहते. वीज काही दिवस बंद पडली की पुन्हा मूळ पदावर येते.

परंतु विजेचा पंप ही इतिहासाच्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट आहे. तो येण्यापूर्वी कित्येक शतके या देशात बागा होत्या, बागांत हौद होते आणि हौदांत कारंजी उडत होती. ते पाणी कोण उचलीत होते? ते स्वच्छ कसे राहत होते? या साध्या प्रश्नांचा माग काढू लागलो, म्हणजे आपण राजवाड्यांच्या नक्षीदार कमानींखालून थेट डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोहोचतो. कारण जुन्या बागेचे खरे यंत्र बागेत नव्हतेच. ते बागेबाहेर, कोस-दोन कोसांवर, जमिनीच्या पोटात दडलेले होते.

पाणी का नासते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. त्यात माती आणि पालापाचोळा येतो व तो तळाशी कुजतो. त्याच्यावर ऊन पडते आणि उन्हाच्या बळावर शेवाळ माजते. आणि साचलेल्या पाण्यात हवा पुरेशी मिसळत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया दुर्गंधीकडे वळते. जुन्या कारागिरांपाशी हे रसायनशास्त्र पुस्तकातले नव्हते. पण त्यांनी योजलेले उपाय पाहिले, तर या तिन्ही कारणांची त्यांना पुरती ओळख होती असे म्हणावे लागते. गाळासाठी त्यांनी पाण्याला विसावा दिला, उन्हासाठी काळोख दिला आणि हवेसाठी त्याला उंचावरून उडी मारायला लावले.

यांपैकी विसाव्याची कल्पना फार जुनी आहे. प्रयागजवळ गंगेच्या काठी शृंगवेरपूर नावाचे स्थान आहे. रामायणातील निषादराज गुह याचे हे नगर, म्हणून ते आपल्याला नावाने परिचित असते. तेथे १९७७ नंतर पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बांधलेला, अडीचशे मीटरांहून लांब असा विटांचा तलावसमूह उजेडात आला. पावसाळ्यात गंगा चढली की तिचे पाणी जवळच्या ओढ्यात शिरे. तेथून एका रुंद कालव्याने ते प्रथम एका खोल कुंडात उतरे. या कुंडाचे काम एकच, पाण्याची धावपळ थांबवणे. वेग थांबला की माती आपोआप खाली बसते. वरचे निवळलेले पाणी मग विटांच्या पहिल्या तलावात जाई आणि तेथून पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने दुसऱ्या, मुख्य तलावात उतरे. सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट शेवटी आहे. तलावसमूहाच्या टोकाला सांडवा होता, आणि जास्तीचे पाणी त्या सांडव्यावरून पुन्हा गंगेकडे परत जात असे. नदीकडून घेतलेले पाणी थांबवायचे, निवळायचे, वापरायचे आणि उरलेले नदीला परत करायचे, अशी ही संपूर्ण रचना दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

हाच विसावा पुढे बागेच्या आणि महालाच्या शोभेत कसा मिसळून गेला, हे माळव्यातील मांडूगडावर दिसते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुलतान घियासुद्दीन खिलजीच्या काळाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो जहाजमहाल दोन तलावांच्या मध्ये उभा आहे. तेथे हौदाकडे पाणी नेणारी दगडी पन्हळ सरळ न नेता शंखासारख्या वळणांनी फिरवलेली आहे. पाहणाऱ्याला ती नुसती कलाकुसर वाटते. पण पाणी जितके वळते तितके ते मंदावते, आणि मंदावले की त्यातला कचरा व माती वळणावळणावर मागे राहते. शोभा आणि गाळणी अशी दोन्ही कामे त्या एका दगडी वेलांटीने साधली आहेत.

पाण्याला काळोख देण्याची युक्ती पाहण्यासाठी मांडूहून दक्षिणेला, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास आले पाहिजे. हे शहर मोगलांचे दक्षिणेतील ठाणे होते. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या राज्यात आणि अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत येथे एक विलक्षण जलव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जाते, हे हेरून त्या झिरप्याच्या वाटेवर भूमिगत बोगदा खणला गेला. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या उभारल्या आणि त्या कुंड्यांच्या ओळीवरून त्याला कुंडी भंडारा हे नाव पडले. या व्यवस्थेत गाळणी वेगळी बांधावीच लागली नाही. डोंगराची माती आणि खडक हीच गाळणी होती. आणि बोगद्यात ऊन शिरत नसल्यामुळे शेवाळाला तेथे थारा नव्हता. बोगद्याला अगदी बेताचा उतार दिलेला, त्यामुळे पाणी ना साचे, ना धावे. ते शांतपणे चालत शहराकडे येई.

याच सुमारास बुऱ्हाणपुराच्या दक्षिणेस, मोगलांचा कट्टर शत्रू असलेला एक पुरुष अशाच कामात गुंतला होता. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या कर्तृत्वाने निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे आपले ठाणे वसवले. हेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. खाम नदी जवळ होती खरी, पण ती खोलगट पात्रातून वाहणारी लहान नदी. वाढत्या शहराची तहान भागवणे तिच्या आवाक्यातले नव्हते. मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल गाठले आणि ते भूमिगत मार्गाने शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी. पुढे तिच्यासारख्याच इतर नहरी निघाल्या आणि शहराच्या पोटातून जलवाहिन्यांचे एक जाळेच तयार झाले.

या नहरींपैकी एकीचे पाणी बागेच्या हौदात कसे उतरते, हे पाहायचे असेल तर पाणचक्कीसारखे ठिकाण नाही. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी, सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात ही रचना पूर्ण होत गेली. काही मैलांवरच्या उगमापासून खापरी नळांतून येणारे पाणी आवारातील एका उंच भिंतीच्या पोटातून वर चढते आणि माथ्यावरून धबधब्यासारखे खालच्या हौदात कोसळते. प्रथम पाहणारा चकित होतो. पाणी खालून वर गेले कसे? येथे ना मोट, ना रहाट, ना पंप.

यात जादू काहीच नाही. पाण्याचा स्वभाव आपली पातळी गाठण्याचा आहे. बंद नळाचे एक टोक डोंगराच्या पायथ्याशी उंचावर असेल आणि दुसरे टोक शहरात सखल जागी असेल, तर नळ मध्ये कितीही खाली उतरला तरी दुसऱ्या टोकाला पाणी जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत चढू पाहते. नळाच्या अंगाशी घासून थोडी उंची वाटेत हरवते, तेवढेच. भिंतीचा माथा उगमाच्या पातळीपेक्षा पुरेसा खाली ठेवला की काम झाले. ती उंची विकत घ्यावी लागत नाही. ती डोंगराने आधीच दिलेली असते. कारागिराचे कौशल्य ती वाटेत सांडू न देण्यात होते.

आणि हे कौशल्य सामान्य नव्हते. भाजलेल्या मातीचा नळ दाबाने फुटू शकतो. नळात हवेचा फुगा अडकला तर प्रवाह खुंटतो. गाळ साचला तर नळ बुजतो आणि तो जमिनीखाली असल्यामुळे कोठे बुजला ते कळत नाही. या तिन्ही संकटांवर दक्षिणेतील कारागिरांनी एकच उत्तर शोधले होते. नळाच्या वाटेवर मधूनमधून चुनेगच्ची मनोरे उभारायचे. पाणी मनोऱ्यात चढे, तेथे क्षणभर मोकळे होई आणि पुढच्या नळात उतरे. तेवढ्या अवकाशात दाब उतरे, अडकलेली हवा निघून जाई आणि गाळ मनोऱ्याच्या तळाशी बसे, तेथून तो काढून टाकता येई. विजापुरात आदिलशाही काळातले असे मनोरे ‘गंज’ या नावाने आजही उभे दिसतात. वाटसरू त्यांना पडक्या बुरुजांचे अवशेष समजतो. वस्तुतः ते नळाचे श्वास होते.

पाणचक्कीच्या आवारात पाण्याने किती कामे करावी याला सुमार नाही. उंचावरून कोसळताना ते हवा पिऊन घेते. त्याच पडण्याच्या बळावर लोखंडी पात्यांचे चाक फिरते आणि चाकावरची जाती धान्य दळतात. या पिठावर फकीर, यात्रेकरू आणि शिपाई यांचे अन्न शिजत असे. मग ते पाणी मशिदीसमोरच्या लांबट हौदात पसरते व कारंज्यांतून खेळते. हा हौद म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छप्पर. वर पाणी असल्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन दुपारी खालचे दालन थंड राही. आणि एवढे सगळे करून झाल्यावर जास्तीचे पाणी खाम नदीत उतरून जाई. हौदाचे पाणी नितळ राही ते कोणी ते गाळून पुन्हा भरीत होते म्हणून नव्हे; ते तेथे फार वेळ थांबतच नव्हते.

पाण्याच्या उडीला सर्वांत देखणे रूप मिळाले ते मात्र काश्मिरात. दख्खनमध्ये उंची जपून आणावी लागे. काश्मिरात ती दाराशी उभी होती. जहांगीरने १६१९ मध्ये श्रीनगरजवळ शालिमार बागेची उभारणी केली आणि हारवनच्या बाजूने येणारा ओढा कालव्याने बागेतून खेळवला. आसफखानाने १६३३ मध्ये डोंगरउतारावर बारा टप्प्यांची निशात बाग उभारली. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पाणी उतरते तेथे कोरीव दगडाची तिरपी फरशी बसवलेली असते. तिला ‘चादर’ म्हणतात. तिच्यावरील माशांच्या खवल्यांसारख्या नक्षीवर आपटून पाणी फेसाळते. चांदण्यात हा फेस फार सुंदर दिसतो, हे तर खरेच. पण प्रत्येक खवल्यावर पाण्यात हवा मिसळते, आणि म्हणून खालच्या टप्प्यावरचा हौद वरच्याइतकाच ताजा राहतो. शेवटच्या टप्प्यावरून पाणी दल सरोवराकडे निघून जाते.

निशात बागेविषयी एक आख्यायिका सांगतात. शाहजहान बादशहाला ही बाग इतकी आवडली, की आपला सासरा आसफखान ती आपल्याला नजर करील अशी त्याने अपेक्षा केली. ती पुरी झाली नाही, तेव्हा बादशहाने रागाने बागेचे पाणी तोडले. कारंजी थांबली, चादरी कोरड्या पडल्या आणि खिन्न झालेला आसफखान एका झाडाखाली पडून राहिला. ते पाहून एका सेवकाने जिवावर उदार होऊन पाणी पुन्हा सोडले. आणि बादशहाने त्याच्या निष्ठेवर प्रसन्न होऊन पाण्याचा हक्क बागेला कायमचा दिला. ही कथा खरी असो वा रचलेली. पंपाशिवायच्या बागेचे मर्मस्थान तिने नेमके दाखवले आहे. अशी बाग आपल्या कुंपणात स्वतंत्र नसते. तिचा जीव वरच्या माणसाच्या हातात असतो, आणि तिच्या खालच्या माणसाचा जीव तिच्या हातात.

येथे एक शंका घेणे रास्त आहे. डोंगर नसेल तेथे काय? आग्र्याला यमुना बागेच्या खाली वाहते. बुऱ्हाणपुरात १६३१ मध्ये मृत्यू पावलेल्या मुमताजमहालसाठी तेथे ताजमहाल उभा राहिला, तेव्हा बागेसाठी पाणी वर चढवणे भागच होते. आपल्या मोटेसारखी चामड्याची मोठी पखाल दोराला बांधून बैलांकरवी पाणी ओढले जाई, कमानींवरच्या उंच पाटाने ते टाक्यांत साठवले जाई आणि तेथून खापरी नळांनी बागेत उतरे. प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे भांडे बसवलेले होते. आधी भांडी भरत आणि मग सर्व कारंजी एकसारख्या उंचीने उडत. ही रचना कितीही कौतुकास्पद असली, तरी त्या शुभ्र कारंज्यांच्या मागे दिवसभर उतारावरून खाली-वर करणारी जनावरे आणि त्यांना हाकणारी माणसे होती, हे विसरता येत नाही. उंची फुकट मिळाली नाही की ती कोणाच्या तरी अंगमेहनतीने मोजावी लागते. आज ती वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाने मोजली जाते, एवढाच फरक.

आता पुण्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्यास, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराखाली आंबील ओढ्याचे पाणी बांध घालून अडवले आणि ते दगडी, बंदिस्त नळाने पुण्यात आणले. आतापर्यंत पाहिलेल्या सर्व युक्त्या या एका कामात एकत्र आढळतात. वरच्या तळ्यात गाळ थांबावा आणि खालच्या तळ्यातून निवळलेले पाणी घ्यावे, हा शृंगवेरपुरातला विसावा. माणूस आत उतरू शकेल असा आच्छादित नळ, हा बुऱ्हाणपुरातला काळोख. नळावर मधूनमधून बांधलेले ‘उच्छ्वास’, ही दख्खनची परंपरा. आणि कात्रजपासून शहरापर्यंतचा जमिनीचा स्वाभाविक उतार, हा या सगळ्याचा चालक.

या नळाचे पाणी शनिवारवाड्यात गेले. सवाई माधवरावांच्या काळात तेथे सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे उडू लागले. परंतु ते पाणी वाड्यातच संपले नाही, ही या कामाची खरी थोरवी होय. त्याच नळाने पेठापेठांतील सार्वजनिक हौद भरत. त्या हौदांवर बायका घागरी भरीत, भिस्ती पखाली भरीत आणि जनावरे तहान भागवीत. काळा हौद, साततोटी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी राहिली ती त्यामुळेच. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला आणि कमळाच्या आकाराचा दगडी हौद कोरडा उरला. पण वाडा गेल्यावरही शहराला नळ हवाच होता, आणि खडकवासल्याचे पाणी पुण्यात येईपर्यंत कात्रजच्या पाण्याचा पुण्याला मोठा आधार राहिला. श्रीमंतांचे कारंजे आधी मेले. गरिबांचा हौद त्यानंतरही पाणी देत राहिला.

मग या व्यवस्था मोडल्या कशा? त्या जुन्या झाल्या म्हणून नव्हे. बुऱ्हाणपुराचा भंडारा, पाणचक्कीची नहर यांनी शतकानुशतके पाणी वाहून आपली मजबुती सिद्ध केली आहे. त्या मोडल्या, कारण त्यांची निगा राखणारा माणूस गेला. दर वर्षी नळात उतरून गाळ काढणारा, कोणत्या मनोऱ्याचे पाणी उतरले की नळ कोठे बुजला हे सांगणारा, पाणी अडवून हौद धुऊन घेणारा असा एक वर्ग होता. पंप आल्यावर त्याची गरज कोणाला वाटेना. त्याच्याबरोबर नळाचा मार्गही विस्मृतीत गेला. नळाची जागा ठाऊक नाही म्हणून त्यावर पाया खणला गेला. पाया खणला म्हणून नळ फुटला. आणि फुटलेला नळ पाहून लोक म्हणू लागले, की जुन्या काळची ही व्यवस्था आता निकामी झाली.

पंपाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याने सखल जागी बाग फुलवली, बैलाचे आणि माणसाचे कष्ट वाचवले. परंतु त्याने पाण्याविषयीची आपली कल्पनाही नकळत पालटली. पंपाच्या हौदात पाणी स्वतःभोवती फिरते. ते कोठून आले आणि कोठे जाणार, हा प्रश्न उरत नाही. जुन्या बागेत हा प्रश्न कधीच सुटत नसे. डोंगरावर झाडे तुटली तर उगम आटे. उगम आटला तर हौद नासे. म्हणून ज्याला हौद हवा त्याला डोंगर राखावा लागे. आणि हौदातले पाणी पुढे फळझाडांना, शेताला किंवा नदीला जायचे आहे म्हणून ते घाण करून चालत नसे.

ज्याच्या घराला उताराची थोडी जागा आहे, त्याने हा प्रयोग लहान प्रमाणात करून पाहण्यास हरकत नाही. छपराचे पाणी आधी एका झाकलेल्या टाकीत निवळू द्यावे, तेथून ते बेताच्या धारेने एखाद्या खडबडीत दगडावरून हौदात पडू द्यावे आणि हौदाच्या काठावरून सांडणारे पाणी केळीच्या किंवा आंब्याच्या आळ्याकडे वळवावे. पावसाळ्याचे चार महिने तरी हा हौद पंपाविना नितळ राहील. उन्हाळ्यात टाकी रिती होईल आणि धार थांबेल, हे मान्य. पण त्या थांबलेल्या धारेकडे पाहताना, पाणी कोठून येते याची आठवण घरातल्या मुलांना आपोआप होईल. पाणचक्कीच्या भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याने आपल्या पूर्वजांना हीच आठवण रोज करून दिली होती.